कोठारात काय राहते?

शेतकऱ्याने आपला माल सुगीतच बाजारात का ओतावा, चार-सहा महिने कोठारात ठेवून भाव आल्यावर का विकू नये, असा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतून वारंवार विचारला जातो. आणि विचारणाराच्या स्वरात पृच्छेपेक्षा निकालच अधिक असतो. शेतकऱ्यास धीर नाही, हिशेब नाही, दूरदृष्टी नाही, हा तो निकाल होय. हे मत आम्हांस चुकीचे वाटते, इतकेच नव्हे तर निष्ठुरही वाटते. कोठारात काय राहू शकते व काय राहू शकत नाही, याचा क्षणभरही विचार न करिता ते बनविलेले आहे.

कोठारांशी आमचे वैर नाही, हे प्रथमच सांगून टाकितो. ज्या गोरवाला समितीत धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ होते, तिने ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करून १९५४ साली वखारी उभारण्याची शिफारस केली. १९५६ साली कायदा झाला, आणि १९५७ साली आपल्या राज्याचे वखार महामंडळ निघाले. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल बाजार समितीच्या स्वाधीन करावा, किंमतीच्या पाऊणपटापर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने घ्यावी, आणि सहा महिन्यांत भाव साधून माल सोडवावा, असे तिचे स्वरूप आहे. २००७ च्या कायद्याने वखारपावती एकाने दुसऱ्याच्या नावे करण्याचीही सोय झाली. योजना उत्तम आहे. प्रश्न इतकाच की, वखारीच्या दारापर्यंत पोहोचतो कोण?

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिरसाळा हे गाव घ्या. त्या बाजूच्या रानात पूर्वी ज्वारीचे राज्य होते. मराठवाड्यात ज्वारी पेवात ठेवीत. जमिनीत खोल खड्डा खणावा, आतून कडब्याचे अस्तर द्यावे, दाणा भरून तोंड मातीने लिंपून टाकावे. आतील हवा कोंदून कीड मरून जाई; आणि उघडल्याबरोबर पेवात उतरणे जिवावर बेतते, हे घरातील पोरांसही ठाऊक असे. या पेवाचा खरा गुण मात्र वेगळाच होता. भाव आला तर ज्वारी विकता येई, न आला तर खाता येई. धन्यास बाजाराची वाट पाहण्याचे बळ त्या दाण्यातूनच मिळत असे.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्वारीची जागा पुष्कळ अंशी सोयाबीनने घेतली. सोयाबीनच्या भाकरी होत नाहीत. ते घरात असले तरी चूल पेटत नाही. ते विकले म्हणजेच घरात पीठ येते. शिवाय हा तेलाचा दाणा ओलाव्याच्या बाबतीत फार हळवा. त्यात बारा टक्क्यांहून अधिक ओल राहिली की तो तापतो, काळा पडतो, बुरसतो. काढणीच्या दिवसांत परतीचा पाऊस आला म्हणजे बारा टक्क्यांची अट पाळणे किती अवघड होते, याची साक्ष सरकारनेच दिली आहे; २०२४ च्या नोव्हेंबरात खरेदीसाठी ही मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. ओला माल वखार स्वीकारीत नाही, आणि वाळविण्यास पत्र्याचे छप्परही नसलेल्या मनुष्यास आम्ही सांगतो, ‘थोडे थांब!’

त्याने थांबावे तरी कसे? बियाणे-खतांच्या दुकानाची उधारी सुगीवर बोलीने घेतलेली असते. त्यातच बीड जिल्ह्यातून दरसाल लक्षावधी माणसे ऊसतोडीस जातात. त्यांत पाच-चार एकर कोरडवाहू रानाचे धनीही पुष्कळ आहेत. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते. सोयाबीनची रास होते न होते तोच दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या गाड्या दारात येतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. तो गेला की घरास कुलूप लागते, आणि मागे म्हातारी माणसे उरतात. आठ-दहा पोती गाडीभाडे भरून तालुक्याच्या वखारीत नेणे, ओल मोजून घेणे, कागद करणे व सहा महिने भावावर नजर ठेवणे, हे कोणी करावे? दाणा कोठारात राहील. परंतु देणे, भूक आणि निघण्याची तारीख या तीन वस्तू कोणत्याही कोठारात राहत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, मोठे शेतकरी माल ठेवितात आणि नफाही मिळवितात. खरे आहे. पण त्यांच्या घरात कोणाचा पगार येतो, कोणाचे दुकान चालते. ते धीरामुळे संपन्न झाले नाहीत. संपन्न आहेत म्हणून त्यांना धीर धरिता येतो. आणि त्यांचाही धीर नेहमी फळतो असे नाही. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलमागे दहा हजारांच्या घरात गेले. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे वायदे बंद करण्यात आले. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असता खुला बाजार बराच काळ त्याखाली राहिला, आणि २०२५ च्या मेअखेर कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क वीसावरून दहा टक्क्यांवर आले. माल राखून बसलेल्याने कोणत्या शास्त्राने हे आधी जाणावे?

येथे आमच्या वर्गाचा दुटप्पीपणा उघडा पडतो. तूर महागली तेव्हा २०२३ च्या जूनमध्ये घाऊक व्यापाऱ्यावर २०० टनांची साठामर्यादा आली. मर्यादा शेतकऱ्यावर नव्हती हे खरे. पण व्यापाऱ्याचा हात आखडला की शेतकऱ्याच्या कोठारातील तुरीचा भावही बसणारच. त्या निर्णयाचे आपण घरोघर स्वागतच केले. ऑक्टोबरात ‘धीर धर’ म्हणणारे आणि जूनमध्ये ‘साठे बाहेर काढा’ म्हणणारे एकच आहेत. आमच्या स्वयंपाकघरास झळ लागेपर्यंत जी दूरदृष्टी असते, तिचेच नाव झळ लागताच साठेबाजी होते. महिन्याच्या एक तारखेस वेतन व त्यावर महागाईभत्ता घेणाऱ्या आम्हांस भावाची वाट पाहण्याची पाळी कधी आली आहे?

तेव्हा उपदेश पुरे. वखार सिरसाळ्यासारख्या गावी हवी, तिने पाच पोतीही घ्यावीत, तेथेच वाळवणी व्हावी, आणि तारणाची रक्कम पोती उतरल्या दिवशी हाती पडावी. उधारी व उचल यांचा गळफास सुटेल असे कर्ज पेरणीच्या वेळीच मिळावे. शुल्के व साठामर्यादा हंगामाच्या मध्येच फिरवू नयेत. आणि फिरविल्यास राखून ठेवणाराच्या नुकसानीची भरपाई करावी. यांतील कोणतीही मागणी डाळीच्या दरात दोन पैशांची वाढ करील, तर ती सोसण्याची तयारी आपण दाखवावी. ती नसेल, तर शेतकऱ्यास धीर शिकविण्याचा अधिकारही आपणांस नाही, हे एकदा स्पष्ट कबूल करावे.