इच्छा खाशाबांचीही होती

सकाळी तीनदा, दुपारी सहादा आणि रात्री नऊदा आपली इच्छा वहीत लिहायची. ती पूर्ण झालीच आहे असं समजून मनातल्या मनात खूश व्हायचं. बाकीचं ब्रह्मांड बघून घेतं म्हणे! 'मॅनिफेस्टेशन' या नावाने रील्सवर फिरणारा हा उपाय सातारा-सांगलीच्या अभ्यासिकांत पोचायला कितीसा वेळ लागणार? भरतीची तयारी करणाऱ्या पोराच्या हातात पुस्तकाइतकाच मोबाइलही असतो.

अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्याने याकडे निव्वळ थोतांड म्हणून पाठ फिरवावी, असं कुणाला वाटेल. तेवढ्यावर भागणार नाही. माणूस स्वतःला काय समजतो, यावर तो सकाळी किती वाजता उठतो इथपासून बरंच काही ठरतं. वाद आहे तो कुठला विश्वास कामाला येतो आणि कुठली भावना, यावर.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. मातीत घडलेल्या या पैलवानाला मॅट परकी होती. ही अडचण त्यांनी मनातून हुसकली नाही, पुढची चार वर्षं तिच्यावरच मेहनत घेतली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत डावललं गेल्याची तक्रार घेऊन ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले, पुन्हा कुस्ती मागितली आणि मारली. मन सतत प्रसन्न ठेवा, नकारात्मक भावना जवळ फिरकू देऊ नका, असं सांगणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. खाशाबांच्या कामी आला तो राग.

प्रवासाला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. ब्रह्मांडाने काही दिलंच असेल, तर ते या मार्गाने! खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडपासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण त्यानंतर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून खर्डेकरांची रक्कम फेडली. स्वप्न पूर्ण झाल्यावरची ही बाजू कुठल्याच रीलमध्ये दिसत नाही.

मानसशास्त्रात यावर काम झालं आहे. गॅब्रिएल एटिंगन आणि थॉमस वॅडन यांनी 1991 मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या स्थूल स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'मला हे जमेल' असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. मात्र बारीक झाल्याची गोडगोड चित्रं मनात रंगवत बसणाऱ्यांचं कमी उतरलं. दोन्हींना आपण सरसकट 'सकारात्मक विचार' म्हणून मोकळे होतो. गोड कल्पनेत मनाला यश आधीच चाखायला मिळतं आणि अंगातली धडपड सैलावते, असं एटिंगन यांचं म्हणणं. इच्छेशेजारीच आपल्या वाटेतला अडथळाही मांडा, तो आला की काय करायचं ते आधी ठरवा, हा त्यांनी पुढे सुचवलेला मार्ग.

1999 मध्ये फाम आणि टेलर यांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोगही मासलेवाईक आहे. काहींना परीक्षेत उत्तम गुण मिळाल्याचं चित्र रोज डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, तर काहींना आपण अभ्यासाला बसलो आहोत याचं. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला आणि गुणही जास्त मिळवले. अभ्यासिकेच्या भिंतीवर खाकी वर्दीतला फोटो चिकटवणाऱ्याने हे जरूर वाचावं. फोटो राहू द्यावा, पण त्याखाली उद्याचं वेळापत्रकही असावं.

साताऱ्याची अदिती स्वामी ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली, तेव्हा ती 17 वर्षांची होती. अंतिम फेरीत तिने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला 149-147 असं हरवलं. 150 पैकी 149, म्हणजे पंधरा बाणांत एकच गुण निसटला. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे ती उसाच्या रानात तयार केलेल्या मैदानावर शिकली. धनुष्यासाठी घरच्यांनी कर्ज काढलं. विश्वास होताच, पण तो रोजच्या बाणांत आणि कर्जाच्या हप्त्यांत मोजता येण्यासारखा होता.

मॅनिफेस्टेशनच्या शिकवणीतला सर्वांत निर्दय भाग वेगळाच आहे. इच्छा फळली नाही, तर 'तुमचा विश्वास कमी पडला' असं सुनावलं जातं. माण-खटाव किंवा जतच्या दुष्काळात पीक जळालेल्या शेतकऱ्याला हे तोंडावर सांगून पाहावं! सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पोहण्याचा वेग त्यांच्या हाती होता, सरकारदरबारची फाइल नव्हती. 1982 मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेला अर्ज फेटाळला गेला, आणि पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, पदकानंतर 46 वर्षांनी. त्या 46 वर्षांचा हिशेब पेटकरांच्या मनोवृत्तीत शोधायचा की दिल्लीच्या टेबलांवर, हे मॅनिफेस्टेशनच्या शिबिरांची फी भरण्याआधी विचारून घ्यायला हरकत नाही.