दर्शन की धावपळ?

पणजीहून सकाळी निघून सायंकाळी परतणाऱ्या सहलींत जितकी स्थळे अधिक तितकी सहल किफायतशीर, असा पाहुण्यांचा समज असतो. तो भ्रामक आहे. जुने गोवे येथील चर्चवास्तू १९८६ साली जागतिक वारसा यादीत आल्या. त्या अवश्य पाहाव्यात. परंतु १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेले नार्वेचे श्रीसप्तकोटेश्वर देवालय, तांबडी सुर्लचे कदंबकालीन महादेव मंदिर यांना वगळून गोमंतकाचा इतिहास पुरा कसा व्हावा? म्हणून सहल निवडताना थांबे मोजण्याऐवजी, सोबतचा मार्गदर्शक या भूमीचा जाणकार आहे काय, हे आधी विचारावे. पाहुण्याच्या कानी पडलेला अर्धवट इतिहासच उद्या बाहेर गोमंतकाची ओळख ठरतो. ही किंमत तिकिटावर छापलेली नसते. ती आपणच मोजतो.