काठी, सर्प आणि आपण



रुग्णवाहिकेवर अथवा दवाखान्याच्या पाटीवर काठीला विळखा घातलेला सर्प आपण अनेकदा पाहिला असेल. ज्याच्या भयाने जुन्नर-आंबेगावच्या शिवारात रात्री पाऊल जपून टाकावे लागते, तोच प्राणी आरोग्याचे चिन्ह कसा झाला?

हे चिन्ह प्राचीन ग्रीकांच्या अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचे. त्याच्या हाती एक साधी काठी आणि तिला वेढलेला एकच सर्प असतो. एपिडॉरस येथील त्याच्या मंदिरात रुग्ण रात्री निजत असत आणि बिनविषारी साप तेथे मोकळे वावरत. साप कात टाकून पुन्हा नवा दिसतो, म्हणून तो नवजीवनाचे प्रतीक ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये हेच चिन्ह स्वीकारले. दोन सर्प आणि पंख असलेला दंड मात्र हर्मिस या देवांच्या दूताचा. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय विभागाने तो १९०२ मध्ये घेतला आणि दोन्ही चिन्हांची गल्लत रूढ झाली.

जुन्नरला यवन अपरिचित नव्हते. येथील लेण्यांतील एका शिलालेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे. तथापि विष आणि औषध यांचे नाते आपल्या परंपरेलाही ठाऊक होते. वासुकीची दोरी करून समुद्र घुसळला, तेव्हा त्याच मंथनातून हलाहल निघाले आणि अमृतकलश घेऊन धन्वंतरीही प्रकटले. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग विषचिकित्सेचे आहे.

आज या विचाराला प्रत्यक्ष रूप आले आहे. सापाचे विष अल्प मात्रेत घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून प्रतिविष बनते. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावरील उपचार आणि जनजागृती यांसाठी अनेक वर्षे वेचली आहेत.

घरातील ज्येष्ठांविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. वेदना फारशी नसते, सूजही क्वचितच दिसते. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळताना त्रास होतो. आजीआजोबांच्या अशा तक्रारीवर ‘पित्त झाले असेल’, ‘वयाचा परिणाम’ असे म्हणून वेळ दवडू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

दंश झाल्यास रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत आणि दंश झालेला अवयव हलू देऊ नये. जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे टाळावे. मांत्रिकाकडे जाण्यात मोलाचा काळ जातो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साप पकडण्याच्या नादी लागू नये. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, मधुमेह वा रक्तदाबाची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. प्रतिविषाची मात्रा वयावर ठरत नाही. सापाने सोडलेले विष लहानथोर पाहत नाही.

दंश टाळणे तर अधिक सोपे. खाटेवर निजावे, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. सरपण आणि गोवऱ्यांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी पाहून घ्यावे. रात्री बाहेर जाताना बॅटरी न्यावी आणि हातातील काठी पुढे आपटत चालावे. जमिनीची कंपने सापाला जाणवतात आणि पुष्कळदा तो वाट सोडतो. तरी उजेडाशिवाय केवळ काठीवर विसंबू नये.

देवतेच्या हातची ती काठी आपल्या घरातही दाराआड उभी असतेच. आज संध्याकाळी तिच्याशेजारी एक चालू बॅटरी ठेवावी, एवढीच विनंती.