पाठीचं दुखणं आणि तीन पर्याय

सुरतेत उधना, लिंबायत भागात हिंडताना परक्या गावी आल्यासारखं वाटत नाही. गल्लोगल्ली खानदेशी मराठी कानावर पडते. घरोघरी बायका साड्यांवर टिकल्या चिकटवत, दोरे कापत बसलेल्या असतात. माझी चुलत नणंदही तिथं हेच काम करते. माहेर निपाणीचं, त्यामुळे फोनवर आमचं निम्मं बोलणं कानडीत. "बेन्नु नोवु, वहिनी," हे तिचं पालुपद.

वय ४२. स्तन जड, त्यात दिवसभर मान खाली. खांद्यावर पट्ट्यांचे वळ कायमचे उमटलेत. सुरतेच्या दमट हवेत स्तनांखाली पुरळ उठतं ते वेगळंच. हे दुखणं सांगायचं कुणाला? घरात म्हणतात, "या वयात कसली फॅशन!"

एका दवाखान्यात तिला 'पॅकेज' सांगितलं : स्तन उचलून घ्या आणि आत सिलिकॉनही बसवा. ज्या बाईला भार सोसवत नाही, तिच्या अंगात आणखी भर घालायची! मला तर हसावं की रडावं कळेना.

मग ती एम.सीएच. झालेल्या प्लास्टिक सर्जनकडे गेली. त्यांनी तीन गोष्टी वेगवेगळ्या केल्या. नुसतं उचलून बसवलं की आकार सावरतो, वजन जवळपास तेवढंच राहतं. सिलिकॉन आकार वाढवण्यासाठी, आणि ते जन्मभराचं नसतं. अमेरिकेत २०२१ पासून तसा ठळक इशारा द्यावा लागतो. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीनं औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं होतं. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाचे काही इम्प्लांट एका दुर्मीळ कर्करोगाच्या धोक्यामुळे जगभरातून परत मागवले गेले.

तिसरा पर्याय आकार कमी करण्याचा. जादा चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात, स्तनाग्र वर सरकवतात. पाठ-मान हलकी होते, पण फुकट काही नाही. व्रण राहतात : स्तनाग्राभोवती, तिथून खाली, आणि बहुधा स्तनाखालच्या घडीतही. संवेदना कमी होऊ शकते. पुढं बाळाला अंगावर पाजणं जमेलच असं नाही, म्हणून तरुण मुलींनी हे आधी विचारावं. नणंदेची मुलं कॉलेजात आहेत, तो प्रश्न नव्हता. चाळिशी उलटल्यानं आधी मॅमोग्राफी मात्र करायला लावली.

खरी अडचण निघाली मिश्रीची. आपण निपाणीकडच्या बायका तिला व्यसन म्हणतच नाही! डॉक्टर म्हणाले, तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, स्तनाग्राचा रक्तपुरवठाही धोक्यात येतो. ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून पूर्ण बंद. बाई दोन दिवस गप्प होती.

पैशाचंही बघावं लागतं. केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. उपचार म्हणून गरजेची असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर मागणी करता येते. म्हणून मानदुखीचे जुने कागद, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या तिनं एका पिशवीत जमवल्यात.

तिनं आकार कमी करायचं ठरवलंय. दिवाळीचा साड्यांचा हंगाम उरकला की तारीख घ्यायची. सासूबाईंना नवऱ्यानं सांगायचं, हेही ठरलंय. मिश्री बंद होऊन आज नववा दिवस.