दया मिळाली, दाद नाही

संयुक्त अरब एमिरातींमधील अल् ऐन येथील न्यायालयाने ३० ऑक्टोबर १९९५ रोजी सारा बालाबागान या फिलिपिनी मोलकरणीची, मालकाच्या खुनाबद्दलची देहान्त शिक्षा रद्द करून तिला एक वर्षाची कैद, शंभर फटके आणि मृत मालकाच्या वारसांना दीड लाख दिरहॅमचे रक्तमूल्य असा जो निकाल दिला, त्याने मनिलात समाधान पसरले, आणि सोळा वर्षांच्या एका मुलीचा प्राण वाचला याचे समाधान आम्हांलाही आहे. परंतु या समाधानाच्या भरात ज्या गोष्टीचा विसर पडू पाहत होता ती स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे, ती ही, की साराला दया मिळाली आहे, दाद मिळालेली नाही.

एकाच घटनेवर चार महिन्यांत तीन निकाल झाले. २६ जूनच्या पहिल्या निकालाने तिच्यावर बलात्कार झाला हे मान्य केले, त्यापोटी तिला एक लाख दिरहॅम भरपाई ठरविली, आणि तरीही तिला सात वर्षांची कैद देऊन मालकाच्या वारसांना दीड लाख देण्याचा हुकूम केला. म्हणजे अत्याचार शाबीत होऊनही हिशेबाअंती पन्नास हजारांचे देणे निघाले ते अत्याचार सोसणाऱ्या मुलीच्याच नावावर. १६ सप्टेंबरच्या दुसऱ्या निकालाने बलात्कार सिद्ध झाला नाही असे म्हणून पूर्वनियोजित खुनाबद्दल देहान्त फर्माविला, आणि तोही बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत राष्ट्राराष्ट्रांच्या प्रतिनिधींनी स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तिसरा निकाल शक्य झाला तो एमिरातींचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांनी वारसांपाशी रदबदली केली, वारसांनी प्राणाच्या बदल्यात प्राणाचा आग्रह सोडला, आणि एका फिलिपिनी उद्योगपतीने रकमेची तजवीज केली म्हणून. शेख झायेद यांच्या औदार्याविषयी आम्हांला आदर आहे. परंतु या साऱ्या व्यवहारात मालकाने त्या मुलीशी काय केले, हा मूळ प्रश्नच दप्तरातून नाहीसा झाला. मेलेला मालक निष्कलंक राहिला आणि जिवंत राहिलेली मुलगी क्षमा केलेली गुन्हेगार ठरली.

मालकाने सुरीचा धाक दाखवून आपली अब्रू घेतली आणि ती सुरी हाती येताच आपण वार केले, असा तिचा जबाब होता. वार चौतीस होते, आणि या आकड्याचा उच्चार असा चालला की जणू त्याने सगळ्या शंकांचे निरसन व्हावे. आमच्या मते त्या आकड्याने एवढेच सिद्ध होते की वार करणारी मुलगी भयाने बेभान झाली होती. कारण ज्याने थंड डोक्याने खून योजिला आहे त्याचे काम चौतीस वारांआधीच आटोपते.

हे वाचताना मराठी वाचकाला मथुरा प्रकरणाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शाबीत मानले. परंतु तिच्या अंगावर जखमेची खूण नाही, त्या अर्थी ती राजी असली पाहिजे, अशा विचाराने सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये आरोपींना सोडून दिले. देसाईगंजची मुलगी झगडली नाही म्हणून तिची संमती गृहीत धरली गेली. अल् ऐनची मुलगी हाती लागले त्यानिशी झगडली म्हणून ती खुनी ठरली. मग स्त्रीने प्रतिकार करावा तरी किती, कोणत्या मापाने, आणि ते माप तिने अंधाऱ्या खोलीत कोणाला विचारावे? वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा कोठे १९८३ साली कायदा बदलून कोठडीतील बलात्कारात संमती नव्हती हा स्त्रीचा शब्द प्रथमदर्शनी ग्राह्य मानला जाऊ लागला. आमच्या १८६० च्या दंडसंहितेचे शंभरावे कलम तर आरंभापासूनच, बलात्काराच्या इराद्याने चालून येणाऱ्याचा प्राण घेण्याचीही मुभा देत आले होते.

आणि परक्या देशात, मालकाच्या घरात, मालकाच्या प्रायोजकत्वावर राहणारी मोलकरीण ही कोठडीतल्या बाईहून निराळी कशी? एमिरातींच्या १९८० च्या कामगार कायद्याने खाजगी घरातील नोकर आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. मोलकरणीचा परवाना त्या घराशी बांधलेला, पारपत्र बहुधा मालकाच्या कपाटात, आणि घर सोडले तर तीच फरारी ठरे. साराच्या बाबतीत तर दलालांनी पारपत्रावर तिचे वय दहा वर्षांहून अधिक वाढवून एका पोरीची प्रौढ बाई केली होती. फिर्याद नेण्यास जागाच नाही अशा ठिकाणी माणसाला कोंडून ठेवायचे आणि मग त्याने फिर्याद न करता सुरी का उचलली असा जाब विचारायचा, याला न्यायदान म्हणता येत नाही.

फिर्याद करूनही दाद मिळतेच असे नाही. इंग्लंडात किरणजीत अहलुवालिया हिने दहा वर्षांच्या मारझोडीनंतर १९८९ साली नवऱ्याला पेटविले, त्यापूर्वी तिने न्यायालयाचे मनाईहुकूमही मिळविले होते आणि नवऱ्याने ते जुमानले नव्हते. तिला प्रथम जन्मठेपच झाली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने ती उठविली, ती साउथॉलच्या स्त्रियांनी लढा दिला तेव्हा. याचा अर्थ प्रत्येक सूड न्याय्य असा नव्हे. बलात्कार सोसून पुढे दरोडेखोर बनलेल्या फूलनदेवीच्या नावावर असलेल्या, उत्तर प्रदेशातील बेहमईच्या हत्याकांडाला आम्ही न्याय मानीत नाही, कारण तेथे पडलेल्या वीस माणसांपैकी किती जण तिचे अपराधी होते हे कोणी सिद्ध केलेले नाही. तथापि बलात्कारी मोकळे फिरत असता ज्या सरकारी यंत्रणेने बोट हलविले नाही, तिला बेहमईनंतर नीतीचे पाठ देण्याचा अधिकार उरत नाही, हेही आम्ही तितक्याच ठामपणे म्हणू.

फिलिपिन्स सरकार साराच्या मागे उभे राहिले, कारण १९९५ च्या मार्चमध्ये सिंगापुरात फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन ही फिलिपिनी मोलकरीण फाशी गेली तेव्हा फिलिपिनी जनतेने आपल्या सरकारला धारेवर धरले होते. हा प्रश्न फिलिपिन्सपुरता नाही; आखातात घरकामास गेलेल्या आमच्या बायकांची संख्याही लहान नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली आणि त्यावर देखरेखीस अधिकारी नेमले, परंतु मुंबईत बसणाऱ्या त्या अधिकाऱ्याने कागद तपासून शिक्का मारल्यावर परदेशी निघालेल्या बाईचे पुढे काय होई, याची चौकशी करण्याचा अखत्यार कोणाकडे होता? परराष्ट्र खात्याने अबू धाबीच्या वकिलातीत मोलकरणींच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र अधिकारी आणि घर सोडून आलेल्या बाईला रात्रीपुरता तरी आसरा, एवढी व्यवस्था तातडीने करायला हवी होती. आणि निकालाच्या वेळी साराचे शंभर फटके अद्याप मारले गेलेले नव्हते. ज्यांच्या शब्दाने वारसांचे मन वळले त्या शेख झायेद यांनी ते मारले जाण्यापूर्वीच माफ करायला हवे होते, आणि आमच्या सरकारने तशी विनंती आपल्या वकिलातीमार्फत तेव्हाच करायला हवी होती.