मॅडम, लीडर कुठे आहेत?

गेल्या रविवारी सफाळ्याजवळच्या तांदुळवाडी किल्ल्याच्या पायथ्याशी हा प्रश्न कानावर पडला आणि आठवडाभर डोक्यातून गेला नाही. विचारणारे गृहस्थ सभ्य होते, मुलाला पहिल्यांदाच किल्ला दाखवायला घेऊन आले होते. ज्या मुलीला विचारलं तीच लीडर होती. गळ्यात शिट्टी, पाठीवर दोर, हातात नावांची यादी. ‘मीच,’ ती म्हणाली. त्यावर गृहस्थ इकडेतिकडे बघत म्हणाले, ‘तसं नाही, मेन लीडर?’

ती वाद घालत बसली नाही. तिने आधी सगळ्यांना पाय वर करायला लावून बुटांचे तळवे पाहिले. दोघांचे तळवे गुळगुळीत झाले होते, त्यांना ओल्या कातळावर जायचं नाही असं तिथेच बजावलं. सगळ्यात हळू चालणाऱ्या बाईंना स्वतःच्या मागे, म्हणजे रांगेत दुसऱ्या नंबरावर घेतलं. त्या मागे राहिल्या असत्या तर धापा टाकत सगळ्यांना गाठण्यातच त्यांचा दिवस गेला असता. डोंगरात माणसं सांभाळणं म्हणजे हेच.

हे अंगी यायला वर्षं जातात. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 सालची. तिथला बेसिक कोर्स जवळपास महिनाभराचा, त्यात ए ग्रेड मिळाली तर पुढे ॲडव्हान्स, मग शिकवण्याचा वेगळा कोर्स. बचेंद्री पाल याच संस्थेत शिकल्या आणि 23 मे 1984 रोजी एव्हरेस्टवर पोचल्या. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने 2013 मध्ये एव्हरेस्ट आणि 2021 मध्ये अन्नपूर्णा सर केलं. आपल्या वसईचा हर्षवर्धन जोशीही 2021 मध्ये एव्हरेस्टवर जाऊन आला. शिखर सर केलं की सत्कार होतो, फोटो छापून येतो. पण दर रविवारी अनोळखी माणसांना वर नेऊन धडधाकट खाली आणणाऱ्या मुलीला आपण ‘मेन लीडर’ कुठे म्हणून विचारतो.

घरचे तर आणखी पुढचे. मुलगी ट्रेकला जाते इथवर चालतं. ट्रेक नेते आणि त्याचे पैसे घेते म्हटलं की, ‘रात्री मुक्काम असतो का? सोबत कोण असतं?’ मुलाला हे कुणी विचारत नाही. लडाखच्या ट्रेकिंग गाइड थिनलास चोरोल यांनाही हाच अनुभव आला. बाईने परक्या माणसांबरोबर डोंगरात रात्री काढायच्या हे तिथल्या ट्रेकिंग कंपन्यांना रुचेना. तेव्हा त्यांनी 2009 मध्ये लेहमध्ये स्वतःचीच कंपनी काढली. गाइड बायका, भारवाहक बायका, चालवणाऱ्याही बायकाच.

बाई लीडर असली की काय बदलतं, तेही सांगते. आपल्याकडे कित्येक बायका विरार सुटल्यापासून घोटभर पाणी पीत नाहीत, कारण वर आडोसा कुठे मिळेल हे विचारायचं कुणाला? मग भर उकाड्यात चढणीवर चक्कर येते आणि लोक म्हणतात, बायकांना झेपत नाही. तांदुळवाडीच्या त्या लीडर मुलीने निघतानाच मोठ्या आवाजात सांगितलं, आडोसा कुठे कुठे आहे, पाणी भरपूर प्या, पाळी असेल तर लाजू नका, माझ्याकडे सामान आहे. रांगेतल्या बायकांनी तिथल्या तिथे बाटल्या उघडल्या.

आणि हे सगळं चालू असताना आमच्या शेजारून गावातल्या दोन बायका डोक्यावर मोळ्या घेऊन उतरत होत्या. पायात साध्या चपला. आम्ही जिथे हात टेकत होतो तिथून त्या बोलत बोलत खाली गेल्या. पालघर जिल्ह्यातल्या वारली, कातकरी, मल्हार कोळी घरांतल्या बायकांचं निम्मं आयुष्य या डोंगरांत जातं. कंटोळी कुठल्या उतारावर मिळतात, कुठलं टाकं कधी आटतं, कुठला ओढा तासाभराच्या पावसात अडवतो, हे त्यांना ठाऊक असतं. कामणदुर्गाच्या रानात वाट चुकली की शहरी मंडळी अशाच कुणाला तरी हाक मारतात. वाट दाखवल्याबद्दल मग बिस्किटांचा पुडा देतात, फार तर एखादी नोट. हजार-हजार रुपये भरून आलेल्या माणसांनी असं वागावं, हे मला अजिबात पटत नाही.

गावातल्या या बायकांना प्रथमोपचार शिकवा, दोर हाताळायला शिकवा, ओळखपत्र द्या. गावोगावी वनखात्याच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत, त्यांच्यामार्फत हे होऊ शकतं. कोर्ससाठी उत्तरकाशी गाठणं यांतल्या कितीजणींना जमणार? प्रशिक्षणच सफाळ्याला, कामणला यायला हवं. मग आठवीत शाळा सुटलेल्या एखाद्या पोरीला पहाटेची लोकल पकडून मुंबईत धुणीभांडी करायला जावं लागणार नाही. लहानपणापासून पायाखालच्या डोंगरातच तिला रोजगार मिळेल.

पावसाळाभर दर रविवारी डहाणू लोकलमधून सफाळ्याला उतरणाऱ्या ग्रुपच्या आयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या ट्रेकला गावातली एक बाई वाटाडी म्हणून सोबत घ्या. तुमच्या लीडरला देता तेवढंच मानधन तिला द्या, आणि ते चढायला सुरुवात करण्याआधीच तिच्या हातात ठेवा.