शनिवारचा सामना

२०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली होती. पॅसिफिक महासागरातल्या फिजी या द्वीपदेशाची २०१७च्या जनगणनेतली लोकसंख्या ८,८४,८८७. म्हणजे दहिसर चेकनाक्यापासून उत्तनच्या कोळीवाड्यापर्यंत तेव्हा जेवढी माणसे राहत होती, साधारण तेवढ्याच माणसांचा एक अख्खा देश. या देशाने २०१६मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये सेव्हन्स रग्बीच्या अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४३-७ असे हरवले आणि आपले पहिलेवहिले ऑलिम्पिक पदक मिळवले, तेही थेट सोन्याचे. २०२१मध्ये टोकियोत न्यूझीलंडला २७-१२ असे नमवून पुन्हा सुवर्ण. २०२४मध्ये पॅरिसला रौप्य. तीन ऑलिम्पिक, तिन्ही वेळा अंतिम फेरी. रिओनंतर फिजीच्या रिझर्व्ह बँकेने या संघाच्या सन्मानार्थ चक्क सात डॉलरची नोट काढली.

सेव्हन्स म्हणजे सात-सात खेळाडूंची, सात-सात मिनिटांच्या दोन डावांची वेगवान रग्बी. नेहमीच्या रग्बीत पंधरा-पंधरा खेळाडू असतात. दोन्हीत एक नियम समान आहे: चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. धावणाऱ्याची नजर समोरच्या प्रतिस्पर्ध्यावर असते आणि चेंडू ज्याला द्यायचा तो साथीदार मागून येत असतो. तो कुठे पोहोचला असेल, हे मान न वळवता कळावे लागते. ही जाण पंधरा दिवसांच्या सराव शिबिरात येत नाही. ती आठव्या-दहाव्या वर्षापासून, रोज संध्याकाळी, त्याच चार मित्रांबरोबर खेळून अंगात मुरते.

फिजीबद्दल बोलताना लोक चटकन म्हणतात, त्यांची शरीरयष्टीच तशी. शरीराचा वाटा आहेच. पण सामोआ आणि टोंगा या शेजारच्या देशांतही तशीच धिप्पाड माणसे आहेत आणि तिथेही रग्बीचे वेड आहे. त्यांच्या वाट्याला मात्र सेव्हन्सचे एकही ऑलिम्पिक पदक आलेले नाही. तेव्हा उत्तर आणखी खोलात शोधावे लागते. फिजीच्या खेड्यात घरांच्या मधोमध एक हिरवे पटांगण असते. त्याला ‘रारा’ म्हणतात. गावाचे समारंभ तिथेच होतात आणि संध्याकाळची रग्बीही तिथेच रंगते. लहान पोर, त्याचा मोठा भाऊ आणि काका एकाच वेळी मैदानात असतात. टोकियोत संघाचे नेतृत्व करणारा जेरी तुवाई राजधानी सुवाजवळच्या गरीब वस्तीत वाढला. लहानपणी रिकामी प्लास्टिकची बाटली हाच त्याचा चेंडू. पुढे माध्यमिक शाळांची स्पर्धा असते, तिला देशभर गर्दी लोटते. त्यानंतर क्लबांच्या स्पर्धा. प्रशिक्षक बेन रायन इंग्लंडहून आले, त्यांनी खेळाडूंना सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर पळवले, आहाराला आणि वेळेला शिस्त लावली. त्यांचे श्रेय मोठे आहे. पण त्यांना निवडायला शेकडो तयार खेळाडू मिळाले, ते गावोगावच्या त्या पटांगणांमुळे.

हाच फिजी पंधरांच्या रग्बीत मात्र वर्षानुवर्षे आज वाघ तर उद्या शेळी असा खेळत आला. कारण उघड होते. चांगले खेळाडू पोटापाण्यासाठी फ्रान्सला किंवा न्यूझीलंडला जात आणि राष्ट्रीय संघ म्हणून काही दिवसांपुरते एकत्र येत. २०२२मध्ये ‘फिजियन ड्रुआ’ हा व्यावसायिक संघ सुपर रग्बी स्पर्धेत दाखल झाला आणि फिजीच्या मुलांना घरी राहून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बलाढ्य संघांशी आठवड्यामागून आठवडा खेळायला मिळू लागले. पुढच्याच वर्षी फिजीने ट्विकेनहॅमवर इंग्लंडला ३०-२२ असे हरवले, विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला २२-१५ असा धक्का दिला आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. माणसे तीच होती, खेडी तीच होती. भर पडली ती दर आठवड्याच्या कडव्या सामन्यांची. अर्थात त्याच विश्वचषकात फिजी पोर्तुगालकडून एका गुणाने हरलाही. सातत्य एका हंगामात पदरात पडत नाही.

एका गुणाचे मोल दक्षिण आफ्रिकेला विचारावे. २०२३च्या विश्वचषकात या संघाने उपांत्यपूर्व सामना फ्रान्सविरुद्ध २९-२८, उपांत्य सामना इंग्लंडविरुद्ध १६-१५ आणि अंतिम सामना न्यूझीलंडविरुद्ध १२-११ असा जिंकला. एकदा असे घडले तर नशीब म्हणता येते. लागोपाठ तीनदा घडले की ती सवय असते. १९९५, २००७, २०१९ आणि २०२३ असे चार विश्वचषक या देशाकडे आहेत. तरीही २०१६मध्ये हाच संघ इटलीकडून हरला होता आणि २०१७मध्ये न्यूझीलंडने त्याला ५७-० असे धुऊन काढले होते. मग रासी इरास्मस यांच्याकडे सूत्रे आली, सिया कोलिसी कर्णधार झाला आणि दोन वर्षांत विश्वचषक घरी आला. हे इतक्या लवकर शक्य झाले, कारण वरचे छप्पर कोसळले तरी खालचा पाया, म्हणजे शाळांची रग्बी, शाबूत होता. कोलिसी स्वतः झ्वाइड या गरीब वस्तीतला. रग्बीमुळे नामवंत शाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याचे आयुष्य पालटले. इरास्मस यांनी त्याच्यासारख्यांना एकत्र बांधले आणि बाकावरच्या राखीव खेळाडूंनाही पहिल्या फळीइतकाच मान दिला.

आता भारताकडे वळू. रग्बी इथे नवी नाही. १८७२च्या नाताळात कोलकात्यात सामना झाला, तिथे क्लब निघाला. काही वर्षांत तो बंद पडला तेव्हा सभासदांनी शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला. नागाच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या ‘कलकत्ता कप’साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९पासून खेळत आले आहेत. आपल्या रुपयांचा चषक दीडशे वर्षे परदेशात फिरतो आहे आणि आपला राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो १९९८मध्ये. मधली सव्वाशे वर्षे हा खेळ लष्कर आणि मोजक्या क्लबांच्या कुंपणात राहिला. मुंबईत तो बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात चिखल तुडवत खेळला जाई. कुंपणाबाहेरची मुले तो बघत. जिमखान्याचे रग्बीपटू मॅथ्यू स्पेसी यांनी समोरच्या पदपथावरच्या मुलांना खेळायला आत बोलावले आणि त्यातूनच १९९९मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. दार उघडले की पोरे धावत येतात, हे मुंबईने तेव्हाच पाहिले आहे.

ओडिशाने ते अधिक पद्धतशीरपणे केले. भुवनेश्वरच्या ‘किस’ या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत रग्बी रुजली आणि २००७मध्ये तिथल्या चौदा वर्षांखालील मुलांनी लंडनमधली आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. जून २०१९मध्ये मनिला येथे भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवले. पंधरांच्या रग्बीतला हा भारतीय महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. कर्णधार होती पुण्याची वाहबीझ भरुचा आणि शेवटच्या क्षणांत निर्णायक पेनल्टी मारली ती ‘किस’मध्ये घडलेल्या सुमित्रा नायकने. एका शाळेत रोज संध्याकाळी सराव होतो, एवढ्या भांडवलावर देशाचा संघ इथवर येतो. अशा पन्नास शाळा असत्या तर?

जून २०२५मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. मीरा रोडहून लोकलने गेले तर तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी जगातले नामांकित सेव्हन्स खेळाडू भारतीय मुलांच्या बरोबरीने धावत होते. ही लीग हवीच. तिच्यामुळे खेळ दिसतो आणि खेळाडूला चार पैसे मिळतात. पण लीग दोन आठवडे चालते आणि वर्षात उरलेले पन्नास आठवडे असतात. त्या पन्नास आठवड्यांत खेळाडू कुठे, कुणाशी आणि किती वेळा खेळतो, यावर राष्ट्रीय संघाचे सातत्य ठरते.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला परदेशी उदाहरणांची गरजही नाही. कबड्डीत भारतीय पुरुषांनी १९९० ते २०१४ अशी सलग सात आशियाई सुवर्णपदके जिंकली. त्या यशाखाली लालबाग-परळपासून कोकणापर्यंत पसरलेली शेकडो मंडळे होती, प्रकाशझोतातले सामने होते, महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे यांनी खेळाडूंना दिलेल्या नोकऱ्या होत्या आणि बुवा साळवींसारखे आयुष्य वाहिलेले संघटक होते. मग २०१८ची जकार्ता स्पर्धा आली. इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य फेरीत रोखले आणि महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या मातीतले ज्ञान दुसऱ्याने मन लावून घेतले आणि घरी रुजवले. त्यानंतरच्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळवली, पण मक्तेदारीचे दिवस संपले ते संपलेच.

कबड्डीतली पकड आणि रग्बीतला टॅकल ही जवळची भावंडे आहेत. खांदा खाली, डोके बाजूला, पायांना मिठी. कोपरारक्षकाला हे नव्याने शिकवावे लागणार नाही. मीरा रोडच्या पालकांना भीती वाटेल ती दुखापतीची, आणि ती रास्त आहे. न्यूझीलंडमध्ये अनेक ठिकाणी मुलांचे संघ वयाबरोबर वजनही पाहून पाडतात, जेणेकरून तीस किलोच्या मुलावर पन्नास किलोचा मुलगा आदळणार नाही. आपल्या किशोर-कुमार कबड्डीतही वजनाची अट असतेच. शिवाय लहानांसाठी टॅग रग्बी आहे: कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावायच्या, फीत खेचली की पकड झाली. कुणी कुणाला पाडायचे नाही. मुलगे-मुली एकत्र खेळू शकतात.

खरी अडचण मैदानाची आहे. शांतीनगर, पूनमसागर, कनाकिया या भागांतली मुले पार्किंगमधल्या गाड्यांच्या मधून चेंडू काढत मोठी होतात. नव्या संकुलांत खेळायची जागा म्हणजे पोडियमवरची फरशी आणि बाहेर तासाच्या भाड्याचा जाळीबंद टर्फ. ज्याचे भाडे परवडत नाही, त्या मुलाला खेळ नाही. सुट्टीच्या दिवशी शाळांच्या पटांगणांची फाटके बंद असतात. फिजीकडे १८ हजार चौरस किलोमीटर जमीन आहे, मीरा-भाईंदरकडे जेमतेम ऐंशी. म्हणूनच इथे विकास आराखड्यातले मैदानाचे प्रत्येक आरक्षण जपले पाहिजे आणि त्यासाठी नागरिकांनी नगरसेवकाच्या मागे हात धुऊन लागले पाहिजे. उत्तन-गोराईच्या किनाऱ्यावर, कोळी बांधवांच्या मासळी वाळवण्याला धक्का न लावता, वाळूत सराव करता येईल.

महापालिकेने यासाठी स्टेडियम बांधायची गरज नाही. तिने शाळेचे एक पटांगण शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा उघडे ठेवावे, चुन्याने रेघा माराव्यात आणि परिसरातल्या कबड्डी मंडळांना बोलावणे धाडावे. सेव्हन्सचा एक सामना चौदा मिनिटांचा. तासाभरात तीन सामने होतात, सहा संघ खेळतात, बेचाळीस मुले धावतात. पुढच्या शनिवारी पुन्हा तीच बेचाळीस, आणि फाटकाशी उभी राहून बघणारी आणखी काही.